वारली चित्रांतले देव, वाघ आणि पाऊस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डहाणूकडे माझं जाणं-येणं आहे हे कळलं की लोक वारली चित्रांचा विषय काढतात. कुणाला नव्या फ्लॅटच्या भिंतीसाठी चित्र हवं असतं, कुणाच्या मुलीला शाळेचा प्रकल्प करायचा असतो, तर कुणी आपल्याच कुर्त्यावरची नक्षी दाखवून "याचा अर्थ काय हो?" असं विचारतं. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढतेय.

वारली चित्र म्हणजे ती पांढऱ्या काड्यांची माणसं, एवढंच ना?

ती माणसं आहेतच, पण ती कडेला असतात. मूळ चित्र म्हणजे चौक. वारल्यांच्या, म्हणजे डहाणूकडच्या या आदिवासी समाजाच्या, घरी लग्न निघालं की घरातली भिंत शेणामातीने सारवतात, तिच्यावर गेरूचा हात फिरवतात आणि सवाशिणी तांदळाच्या पिठाने त्या भिंतीवर लग्नचौक काढतात. आधी चौकोन, मग त्याच्या चारही बाजूंनी नक्षीच्या किनारी, एकात एक, दाट. मधली जागा देवीची. देवी बसली की मग चौकाबाहेर झाडं, ताडावर चढणारा माणूस, बैल, कोंबड्या, नाचणारे लोक, घोड्यावरचे नवरा-नवरी, असं सगळं गाव जमतं.

आपण कप-बशांवर आणि चादरींवर बघतो तो हा बाहेरचा गाव. देवीला आत ठेवून वऱ्हाड तेवढं बाजारात आलं, असं मी गमतीने म्हणते.

चौकाच्या मधोमध असते ती देवी कोण?

पालघाट. हातपाय पसरून उभी असलेली बाईची आकृती, अंगभर रेघांची जाळी. तिच्या आसपास सूर्य, चंद्र, फणी, शिडी अशा वस्तू असतात. ती झाडापेरांची, पिकाची आणि लेकुरवाळेपणाची देवी. तिच्या नावाची फोड काही जण पालवी आणि घट अशी करतात, म्हणजे हिरव्या पानांनी भरलेला घडा. आपल्याकडे कलशावर आंब्याची पानं ठेवतात, ते डोळ्यांसमोर आणलं की ही फोड पटते.

मुख्य गोष्ट अशी की पालघाट ही लग्नाची सजावट नव्हे. तिचा चौक निघाल्याशिवाय लग्न लागत नाही. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाईच. ती गाणी म्हणते, एकेका देवाला नावाने हाक मारते आणि ते देव भिंतीवर येऊन बसतात अशी श्रद्धा आहे. शहरात बाईने लग्न लावलं की अजूनही त्याची बातमी होते. वारल्यांत ती रीतच आहे.

दोन माणसांच्या लग्नात पिकाच्या देवीचं काय काम, असं एकदा एका मैत्रिणीने विचारलं होतं. तिला म्हटलं, आपण अक्षता टाकतो त्या कशाच्या असतात? तांदळाच्याच ना? शेतात दाणा रुजणं आणि घरात मूल होणं ही दोन वेगळी कामं आहेत असं जुन्या शेतकरी समाजाला कधी वाटलंच नाही. वारल्यांनी ते भिंतीवर काढून ठेवलं, एवढाच फरक.

आणि तो डोकं नसलेला देव?

तो पाचशिऱ्या. याची जागा देवचौकात, म्हणजे त्याच्यासाठी काढलेल्या वेगळ्या चौकात. कधी घोड्यावर असतो, कधी नुसता उभा. धडावर मुंडकं नसतं, त्या जागी मानेतून धान्याचे पाच तुरे फुटलेले दिसतात. त्याला शेताचा राखणदार मानतात.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला जरा भीतीच वाटते. पण भाताची कापणी आठवून पाहा. कणसं कापली जातात, म्हणजे रोपाचं डोकंच उडतं, आणि त्याच कणसातला दाणा पुढच्या पावसात उगवतो. हा अर्थ माझा आहे, कुण्या भगताने, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्याने, सांगितलेला नाही. तरी त्या आकृतीकडे पाहताना दुसरं काही सुचत नाही.

या चित्रांत रामायण-महाभारत का दिसत नाही?

कारण त्यांच्या कथा वेगळ्या आहेत. पुराणकथा म्हटलं की आपल्याला लगेच पोथी आठवते. वारल्यांच्या कथा गाण्यात, भगताच्या तोंडी आणि भिंतीवर आहेत. त्यांतल्या देवांची नावं पाहिली तरी कळतं. धरतरी म्हणजे जमीन. कणसरी म्हणजे कणसातली, धान्यातली देवी. नारनदेव पावसाचा. हिरवा हा घरातला देव, त्याची खूण मोराची पिसं. वाघ्या किंवा वाघोबा तर सगळ्यांना माहीत असतो. म्हणजे जमीन, दाणा, पाऊस, रान आणि जनावर. पाऊस ही देवाची कृपा वगैरे नाही, पाऊस हाच देव. तो रुसला तर काय होतं हे कोरडवाहू भातशेती करणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

हल्ली वारली शैलीतला गणपती सर्रास दिसतो. गिऱ्हाईक मागतं, चित्रकार काढून देतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याचंही पोट आहे. फक्त ते परंपरेतलं चित्र आहे असं कुणी सांगत असेल तर मान डोलावू नका.

वाघ इतक्या चित्रांत का असतो? आणि तो कुणावर झडप घालताना क्वचितच का दिसतो?

हा माझा आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबणार.

वाघोबाची कथा गावागणिक थोडी बदलते, पण साधारण अशी सांगतात. एका बाईला लग्नाआधी मूल झालं. लोकांनी नावं ठेवली. ती पोराला घेऊन कामाला जायची. पोर मोठं होत गेलं आणि आईची नजर वळली की वाघ व्हायचं, गावातली गुरं खायचं. गावकरी चिडून आईकडे आले. तिने लेकाला समजावलं, रानात राहायला सांगितलं आणि गावाशी करार करून दिला: वर्षातून एकदा गाव तुझी पूजा करील, तुझा वाटा तुला देईल, तू गावाला सांभाळ. ती पूजा वाघबारशीला होते. दिवाळीच्या तोंडावर आपण ज्या दिवशी वसुबारस म्हणून गाय-वासराला ओवाळतो, त्याच दिवशी डोंगराकडेला वाघाची पूजा चालते. एकाच तिथीला गाय आणि वाघ दोघांनाही मान, हे मला फार आवडतं.

वाघोबाची ठाणी, म्हणजे पूजेच्या जागा, शेताच्या बांधावर किंवा रानाच्या कडेला असतात. दगडावर किंवा लाकडाच्या फळीवर कोरलेला वाघ, वर सूर्य-चंद्र, कुठे नाग, आणि सगळ्यावर शेंदूर. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या पट्ट्यात वन्यजीव अभ्यासकांनी वाघोबाच्या सुमारे १५० ठाण्यांची नोंद केली आणि २०२१ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. या भागात पट्टेरी वाघ आता उरलेला नाही, बिबट्या मात्र भरपूर आहे. वारली दोघांनाही वाघच म्हणतात. बिबट्याने बकरी उचलली तर राग येतो, भीतीही वाटते, पण त्याच्याशी आपलं जुनं देणंघेणं आहे हा हिशेब मनात राहतो. हा शहाणपणा की नाइलाज, यावर मी वाद घालत नाही. बहुधा दोन्ही.

म्हणून चित्रातला वाघ बहुतेक वेळा आपला आपला उभा असतो किंवा बसलेला असतो. तो शिकारीच्या प्रसंगातला वाघ नाही, करारातला वाघ आहे.

तो गोल नाच कसला?

तारप्याचा. तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा लांब भोंगा, आणि हे सगळं मेणाने जोडलेलं. पावसाळा सरत आला, भात तयार होऊ लागलं की तारपा बाहेर निघतो आणि दिवाळीपर्यंत रात्री नाच चालतो. वाजवणारा मधे आणि बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती. तो वळेल तसे ते वळतात, तारप्याला पाठ दाखवत नाहीत.

चित्रात नीट पाहिलंत तर पूर्ण बंद वर्तुळ फार कमी दिसेल. नाच गोगलगाईच्या शंखासारखा आतून बाहेर उलगडतो आणि शेवटचा माणूस मोकळा राहतो. छापील नक्षीत हे शेपूट कापून सरळ गोल करून टाकतात. शंख गेला की नाचाचा फेरा थांबलाच समजा.

वर्तुळ म्हणजे सूर्य, त्रिकोण म्हणजे डोंगर, चौकोन म्हणजे देवाची जागा, हे खरं आहे का?

पुस्तकांत असंच असतं आणि ते चुकीचं नाही. चौकोन तर नक्कीच माणसाने आखलेला आहे, निसर्गात तो सापडत नाही, म्हणून देवासाठी राखलेली जागा चौकोनी. पण प्रत्येक त्रिकोणात डोंगर शोधत बसू नका. माणसाचं धड दोन त्रिकोणांचं, टोकाला टोक लावलेलं. ते तसं का, याचं सरळ उत्तर म्हणजे तसं काढलं की माणूस हलतो. खालचा त्रिकोण जरा कलला की कंबर लचकली, वरचा कलला की तो वाकला. एका टोकावर तोललेलं अंग स्थिर वाटतच नाही. नाचणारी, पेरणारी, पाणी भरणारी माणसं इतक्या कमी रेषांत चालती करायची याहून सोपी युक्ती मला माहीत नाही.

फक्त पांढराच रंग का?

कारण तो घरात असतो. तांदूळ दळून पाण्यात कालवला की झाला रंग, टिकावा म्हणून कधी थोडा डिंक. बांबूची काडी घ्यायची, टोक दाताने चावून त्याचे तंतू मोकळे करायचे, की झाला कुंचला. भिंत कुडाची असते, म्हणजे कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी रोवून वर शेणामातीचा लेप. तिच्यावर गेरूचा तांबडा. घरात उजेड बेताचाच, त्यामुळे त्या तांबूस अंधारात पांढरी रेघ उठून दिसते. ज्या धान्याच्या देवीला बोलवायचं तिचं चित्र धान्यानेच काढायचं, हा योग कुणी मुद्दाम साधला की आपोआप साधला गेला, काय सांगावं.

काळ्या कापडावरची, निळ्या-हिरव्या रंगांतली वारली नंतरची, दुकानातली.

ही कला किती जुनी आहे? कुणी ५,००० वर्षं म्हणतं, कुणी १०,०००.

असे आकडे ऐकले की मी विचारते, मोजले कशावर? तांदळाचं पीठ भिंतीवर टिकत नाही आणि कुडाची भिंत पुन्हा पुन्हा सारवली जाते. दुसरं लग्न आलं की पहिला चौक गेरूखाली जातो. त्यामुळे जुना नमुना हातात असण्याचा प्रश्नच नाही. मध्य भारतातल्या भीमबेटकासारख्या गुहांतल्या चित्रांशी या आकृतींचं साम्य आहे, ते दिसतंच. पण दिसण्यातलं साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. रीत खूप जुनी आहे एवढं म्हणावं आणि थांबावं. आकड्याने चित्राची किंमत वाढते, अर्थ वाढत नाही.

चौक बायका काढत. मग प्रसिद्ध चित्रकार पुरुष कसे झाले?

याचं उत्तर द्यायचं तर सत्तरच्या दशकात जावं लागतं. भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार तेव्हा सरकारच्या हस्तकला-हातमाग विभागाच्या कामानिमित्त डहाणूच्या पाड्यांत हिंडत होते. त्याआधी साठच्या दशकात बिहारात दुष्काळ पडला, तेव्हा मिथिलेच्या बायकांच्या हाती कागद देऊन त्यांची भिंतीवरची चित्रं (आज मधुबनी म्हणतात ती) कागदावर आणण्याच्या कामातही ते होते. या सगळ्यामागे हातमाग-हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकर यांचा पुढाकार होता. डहाणूतही कुलकर्णींनी कागद आणि पांढरा रंग नेला तो बायकांसाठीच. पण गंजाड गावात त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले.

जिव्यांची आई ते लहान असतानाच गेली. त्यानंतर पोर बराच काळ बोलत नव्हतं, मातीत चित्रं काढून काय हवं ते सांगायचं, असं त्यांच्याबद्दल सांगतात. पुढे ते लग्नकार्याची वाट न पाहता रोज चित्र काढू लागले. पुरुषाने, तेही सणावाराशिवाय, चित्र काढायचं ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसला जगभरच्या कलावंतांचं गाजलेलं प्रदर्शन भरलं, त्यात त्यांची चित्रं होती. २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फमध्ये रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताच्या जोडीने त्यांचं काम मांडलं गेलं. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले.

त्यांचं मासे पकडायच्या जाळ्याचं चित्र मिळालं तर जरूर बघा. कागदभर बारीक जाळं, इतकं की वारा भरल्यासारखं फुगतं, आणि त्या पसाऱ्यात माणूस तेवढा इवलासा. देव कुठेच काढलेला नाही, पण पाण्याचं आणि जाळ्याचं मोठेपण पाहून कुणीतरी मोठं तिथे आहे असं वाटत राहतं.

आता बायकांचं. पुरुषांना कागद मिळाला, मुंबई दिसली, व्यवहार जमला. चौक काढणाऱ्या सवाशिणींची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. आज पुष्कळ वारली बायका कागदावर आणि कापडावर काढतात, पण बाहेर नाव होतं ते बहुधा पुरुषांचंच. मला हे खटकतं. जिव्यांचं मोठेपण त्याने कमी होत नाही, पण खटकतं.

मधुबनी, गोंड, पिठोरा यांच्याशी नातं आहे का?

मधुबनीतलं लग्नाचं भिंतीचित्र आणि हा चौक, दोन्ही बायकांची आणि लग्नघरातली चित्रं, म्हणून बहिणी म्हणायला हरकत नाही. पिठोरा गुजरातच्या राठवा आदिवासींचा. त्यात घोडे, आणि तो नवस फेडण्यासाठी पुरुष काढतात. गोंड चित्रं रंगीत, ठिपक्या-रेघांनी भरलेली, आणि कागदावर आली ती आणखी उशिरा. चारही ठिकाणी चित्र भिंतीवर होतं ते देवासाठी, एवढं समान.

घरात पालघाटेचा चौक लावला तर चालतो का?

हे विचारणारे दोन प्रकारचे असतात. एकांना वास्तुदोषाची धास्ती असते, त्यांना मी सांगते, काही होत नाही. दुसऱ्यांना खरंच वाटत असतं की दुसऱ्याची देवी अशी सोफ्याच्या वर टांगावी का. वारली चित्रकार स्वतःच चौक काढून विकतात, त्यामुळे ते मनाई करत नाहीत. कागदावरच्या चौकात धवलेरीचं गाणं झालेलं नसतं, देवांना हाक मारलेली नसते. तो चौक आहे, पण रिकामा पाट मांडल्यासारखा. तो पाट आहे हे लक्षात ठेवून लावा. पायपुसण्यावर मात्र पालघाट छापलेली मी पाहिली आहे, तिथे जीभ आवरत नाही.

चित्र हातचं आहे की छापील, कसं ओळखायचं?

रेघ बघा. हाताच्या रेघेची जाडी बदलते, काडी पुन्हा रंगात बुडवली ती जागा कळते. एकसारखी शंभर माणसं दिसली तर ती जाळीच्या साच्यातून आलेली. मागच्या बाजूला सही, गावाचं नाव असेल तर उत्तम. वारली चित्राला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, म्हणजे त्या नावावर त्या मुलखाचा आणि त्या समाजाचा हक्क कायद्याने मान्य झालेला आहे. शक्य असेल तर थेट चित्रकाराकडून घ्या आणि घासाघीस करू नका. मोठा कागद बारीक कामाने भरायला दिवसच्या दिवस जातात.

मुलांना शाळेत शिकवायचं तर?

साचे देऊ नका. एका शाळेत मला बोलावलं होतं, तिथे मुलांना तयार आकृत्यांचे ठसे दिले होते आणि सगळ्यांची चित्रं सारखी आली होती. त्यांना म्हटलं, तुमच्या इमारतीच्या गेटवरचे काका दोन त्रिकोणांत काढा. एकाने त्यांची खुर्चीही काढली, पायाशी कुत्रा, आणि वर टँकर. पाण्याचा देव आमच्याकडे यातून येतो म्हणाला. मला त्या टँकरच्या चित्रात वारल्यांचं काहीतरी उतरलेलं दिसलं.

आजचे चित्रकार काय काढतात?

सगळं. गंजाडचेच राजेश वांगड यांनी गौरी गिल या छायाचित्रकारांच्या फोटोंवर रेखाटनं केली आहेत. फोटोत आजचं माळरान, आणि त्यावर गावाच्या जुन्या आठवणी, देव, दुष्काळ, भांडणं. मयूर आणि तुषार वायेडा हे भाऊही गंजाडचेच. बी, झाडं, समुद्र असे विषय ते मोठ्या बारकाईने हाताळतात. चित्रांत आता आगगाडी आहे, मोबाईल आहे, पोलीस आहे. बुलेट ट्रेनचा मार्ग पालघर जिल्ह्यातूनच जातो आणि डहाणूजवळ वाढवणला मोठं बंदर होऊ घातलं आहे, तेव्हा या भिंतींवर आणि कागदांवर पुढे काय येईल ते बघत राहावं.

प्रत्यक्ष कुठे बघता येतील?

पश्चिम रेल्वेने डहाणू रोडला उतरा, चर्चगेटपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तिथून गंजाड जवळ आहे आणि बरेच चित्रकार घरीच काम दाखवतात. पाऊस ओसरल्यावर जा, रान हिरवं असतं आणि नशीब असेल तर तारपा कानावर पडतो. फार दूर राहत असाल तर जपानमधल्या तोकामाची शहराच्या मिथिला संग्रहालयातही वारली चित्रं आहेत.

खरा लग्नचौक मात्र लग्नातच दिसणार. तो बघायला म्हणून कॅमेरा घेऊन कुणाच्या मांडवात शिरू नका. बोलावणं आलं तर जा, आहेर घेऊन जा, आणि भिंतीचा फोटो काढण्याआधी घरच्या बायकांना विचारा.